नेट

दुर्वांकचा गृहपाठ: 'नेट' या शब्दाचे अर्थ लिहा,
प्रत्येकी एक वाक्य. सातवी, सेमी इंग्लिश.
मॅडम घाटावरच्या. त्यांना काय ठाऊक
आमच्या तळाशीलला हा शब्द
कुठे कुठे वाळत पडलेला असतो.

पहिला अर्थ त्याने कुणाला न विचारता लिहिला: जाळे.
आबांनी ऐकलं. दातातली सुतळी काढली.
"जाळा कसला? रापण? कांडाळ? पाग काय डोल?
सगळ्यांक एकच नाव?
आनि ह्येंनी दर्यार राज केल्यानी?"
दुर्वांकने खोडलं नाही.
जाळ्याच्या अलीकडे बारीक अक्षरात लिहिलं: कोणतेही.

दुसरा मी सांगितला.
मी सोसायटीच्या काट्यावर बसते, पहाटे पाच ते नऊ.
पाटीसकट बांगडा, तो ग्रॉस. रिकामी पाटी, टेअर.
पाण्याचा अर्धा किलो मी नजरेनेच कापते,
त्याला पावतीवर रकाना नाही.
उरतं ते नेट. पैसे त्याचेच.
लिही: माझी आई नेट काढते.
"आई, हे वाक्य चुकीचं वाटतं."
वाटू दे. बावीस वर्षं तेच करते.

तिसरा शोधायला मोबाइल उघडला,
तर नेट नव्हतं.

म्हणून वही घेऊन सुरूच्या बनात गेलो.
इकडे खाडी, तिकडे समुद्र, मध्ये आमची हाकेएवढी वाळू,
आणि तिच्यावर एकच झाड असं
की ज्याच्या बुंध्याशी दीड काडी रेंज येते.
माझा नवरा रत्नागिरीला ट्रॉलरवर;
त्याचे निरोप याच झाडाखाली उतरतात,
कधी तीन-तीन दिवसांचे एकदम,
"जेवलो" आधी आणि "ताप आहे" नंतर.

तिथे कल्पिता होती, माझी नणंद. एम.ए. मराठी.
मोबाइल उंच धरून, मान वर,
चंद्र बघतात तशी. नेटवर नेटचा निकाल.
चौथ्यांदा.
आम्ही काही विचारलं नाही. पान हळूहळू उघडलं,
आधी वरची पट्टी, मग नाव, मग बाकीचं.
"दोन मार्क," ती म्हणाली.
मग दुर्वांकच्या वहीत डोकावली:
"हाही अर्थ लिही. उदाहरण नको देऊस."

तेवढ्यात किनाऱ्यावरून शीळ आली.
रापण लागली होती आणि उत्तरेच्या दोराला माणसं कमी.
पोरं मुंबईला, पोरं गोव्याला,
दोराला राहिलेत गुडघे दुखणारे.
कल्पिताने मोबाइल ओढणीच्या गाठीत बांधला आणि धावली.
मीही. वही वाळूत, वर चप्पल ठेवून.
दोर ओला, खरखरीत, तळव्यात जुनी ओळख काढणारा.
आबा मागून ओरडत होते, "नेट लावा! नेट लावा रे!"
दुर्वांक माझ्या पुढे, टाचा वाळूत रोवून,
धापा टाकत: "आबा, हा पण इंग्लिशच?"
"ह्यो आपलो," आबा म्हणाले. "ओढ."

जाळ्यात काय आलं ते सांगायला नको.
झार, दोन प्लास्टिकचे डबे, एक मुलाची चप्पल,
आणि मूठ-मूठ पेडवे.
बत्तीस माणसांत अकरा किलो, मी नजरेने सांगते.
पण दोराला हात लावला त्याला वाटा, असा रिवाज आहे.
कल्पिताला वाटा मिळाला.
दुर्वांकला मिळाला, आयुष्यातला पहिला.

रात्री पाचवा अर्थ त्याने देवनागरीत लिहिला.
मॅडम लाल शाई लावतील. लावू देत.
मग ओट्यावरचे पेडवे दाखवत म्हणाला,
"आई, माझा वाटा नेट किती?"
शर्टाच्या ओच्यात आणलेले.
पाटीच नव्हती,
वजा काय करू?